कोणत्या लाल झेंड्याखाली?

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं की यशवंत स्टेडियमच्या आजूबाजूला धरण्यांचे मंडप पडतात. अंगणवाडी सेविका, आशा, शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बाया, कंत्राटी वीज कामगार, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक. मंडपामंडपांतून फिरलं की लक्षात येतं, निवेदनांतल्या मागण्या जवळपास सारख्या आहेत, झेंड्याचा रंग बहुतेक ठिकाणी एकच आहे, फक्त बॅनरच्या कोपऱ्यातली अक्षरं निरनिराळी. कुठे आयटक, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या (भाकप) बाजूची कामगार संघटना, कुठे सिटू, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या (माकप) बाजूची, कुठे आणखी कुणी. नुकतीच वाचायला लागलेली कॉलेजची पोरं या गर्दीत हमखास दिसतात आणि त्यांचा प्रश्नही ठरलेला असतो : "भाऊ, यातलं आपलं कोन्तं?"

या प्रश्नाला दोन तयार उत्तरं मिळतात. थकलेले कार्यकर्ते म्हणतात, सगळे सारखेच, कुठेही जा. आणि ज्यांच्या काखेत पुस्तिकांचा गठ्ठा असतो ते म्हणतात, लाइन, म्हणजे राजकीय भूमिका, आमचीच बरोबर. बाकीचे एक तर दुरुस्तीवादी, म्हणजे क्रांती सोडून सुधारणांवर समाधान मानणारे, नाही तर दुस्साहसवादी, म्हणजे लोकांची तयारी नसताना बंदूक उचलणारे. पहिलं उत्तर आळशी आहे. दुसरं इतकी वर्षं दिलं गेलंय की त्याचं फळ त्या वेगवेगळ्या मंडपांच्या रूपानं समोरच उभं असतं. मला वाटतं, पक्षाचा कार्यक्रम जरूर वाचावा, पण त्याआधी त्या पक्षात मतदानात हरलेल्यांचं पुढे काय होतं ते बघावं. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच सतरंजीवर येऊन बसू शकत असेल, त्याचं म्हणणं पुढच्या बैठकीत पुन्हा मांडू शकत असेल आणि कुणी त्याला गद्दार म्हणत नसेल, तर तिथे राहता येईल. बाकीचं नंतर ठरवता येतं.

असं म्हणण्यामागे या शहराचाच इतिहास आहे. डाव्यांनाही तो फारसा आठवत नाही.

१९२९ च्या अखेरीस आयटकचं अधिवेशन नागपुरात झालं. तोवर देशातली कामगारांची मध्यवर्ती संघटना ती एकच होती. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. भांडणाचे मुद्दे मुख्यतः दोन : कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या व्हिटली कमिशनवर बहिष्कार टाकायचा की नाही, आणि साम्राज्यवादविरोधी लीगसारख्या परदेशातल्या संघटनांशी नातं जोडायचं की नाही. डाव्यांनी ठराव जिंकले. ना. म. जोशी आणि दिवाण चमनलाल तर त्या कमिशनचे सदस्यच होते, ते, व्ही. व्ही. गिरी आणि इतर नेमस्त मंडळी उठून गेली आणि त्यांनी आपलं वेगळं फेडरेशन काढलं. दोन वर्षं गेली नाहीत तोच, १९३१ मध्ये कलकत्त्याला, जिंकलेल्यांतच फूट पडली आणि कम्युनिस्टांनी लाल ट्रेड युनियन काँग्रेस उभी केली. जगभर मंदी होती, गिरण्यांमध्ये मजुरी कापली जात होती, आणि कामगारांच्या वतीनं बोलायला तीन तीन मध्यवर्ती संघटना होत्या.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९३५ मध्ये लाल गट आयटकमध्ये परत आला. मग फेडरेशनशी बोलणी सुरू झाली आणि १९३८ मध्ये दोघांचं संयुक्त अधिवेशन झालं, तेही नागपुरातच. १९४० मध्ये विलीनीकरण पूर्ण झालं. या नऊ-दहा वर्षांत कुणाचंही मतपरिवर्तन झालेलं नव्हतं. जोशी नेमस्तच राहिले, कम्युनिस्ट कम्युनिस्टच राहिले. बदलला तो कारभाराचा नियम. राजकीय प्रश्नावरचा ठराव आणि संपाचा निर्णय तीन चतुर्थांश बहुमताशिवाय होणार नाही, आणि परदेशातल्या कुठल्याही संघटनेशी संलग्न व्हायचं नाही, असं ठरलं. म्हणजे एक्कावन्न लोकांनी एकोणपन्नासांना फरफटत न्यायचं नाही. विलीनीकरणानंतर जनरल सेक्रेटरी कोण झालं? नागपुरातून उठून गेलेले तेच ना. म. जोशी. ते पुढे १९४८ पर्यंत त्या पदावर होते.

हा समझोता कायमचा टिकला नाही. १९४७ मध्ये इंटक निघाली, १९४८ मध्ये हिंद मजदूर सभा, १९७० मध्ये सिटू. पण या फुटी कशा झाल्या ते बघा. काँग्रेसला स्वातंत्र्याच्या तोंडावर आपली संघटना हवी होती, समाजवाद्यांना आपली हवी होती, आणि सिटू जन्मली ती १९६४ मध्ये भाकप फुटून माकप झाला त्या पक्षफुटीचा हिशेब पूर्ण करायला. कारखान्याच्या गेटवर काही बिनसलं म्हणून यातली एकही संघटना फुटली नाही. पक्षांची भांडणं युनियनमध्ये आणली गेली.

नागपूरच्या गिरणी कामगारांचे पुढारी रा. स. रुईकर यांचीही गोष्ट यात बसते. सुभाषबाबूंच्या पश्चात त्यांचा फॉरवर्ड ब्लॉक पक्ष फुटला तेव्हा एका तुकड्याला रुईकरांचंच नाव चिकटलं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत फॉरवर्ड ब्लॉक (मार्क्सवादी) आणि फॉरवर्ड ब्लॉक (रुईकर) असे दोन पक्ष होते. आपल्या गावच्या माणसाचं आडनाव राष्ट्रीय पक्षाच्या कंसात जाऊन बसावं, याचा अभिमान वाटून घ्यायचा की कसं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढे तो तुकडा प्रजा समाजवादी पक्षात विरघळला.

मग हे गटांचे वाद म्हणजे सगळा पोरखेळच का? असं मी म्हणणार नाही. त्यांतले काही मतभेद वारशानं आलेले आहेत आणि काही खरे, आजचे आहेत. दोन्हींना एकाच मापानं मोजल्यामुळे नवखा माणूस गोंधळतो.

वारशाचे आधी घेऊ. भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना कधी झाली? भाकप सांगेल, डिसेंबर १९२५, कानपूर. माकप सांगेल, १९२०, ताश्कंद. दोन सख्ख्या पक्षांचं जन्मतारखेवर एकमत नाही. क्रांतीचा टप्पा कोणता यावर एक म्हणतो राष्ट्रीय लोकशाही क्रांती, दुसरा जनतेची लोकशाही क्रांती, तिसरा नवलोकशाही क्रांती. देशातल्या भांडवलदारांपैकी कोण किती दलाल आणि कोण किती राष्ट्रीय, सोव्हिएत रशिया बरोबर होता की चीन, या प्रश्नांना १९६४ मध्ये आणि १९६९ मध्ये, नक्षलवाद्यांची भाकप (मार्क्सवादी-लेनिनवादी), म्हणजेच भाकप (माले), स्थापन झाली तेव्हा, जीवनमरणाचं वजन होतं. आज सोव्हिएत संघ नाही. चीनमध्ये डॉलर अब्जाधीश आहेत. बुटीबोरीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे बारा तास राबणाऱ्या पोराच्या जिण्यात या टप्प्यांच्या वादानं तसूभरही फरक पडत नाही. २०२४ च्या लोकसभेत माकपचे चार, भाकपचे दोन आणि भाकप (माले) लिबरेशनचे दोन खासदार निवडून आले, आणि तिघेही एकाच आघाडीत होते. निवडणुकीपुरते जे एकत्र बसू शकतात त्यांनी पोषण आहाराच्या बायांना तीन मंडपांत का बसवावं, याचं उत्तर मला कुठल्याही पुस्तिकेत सापडलेलं नाही.

आता खरे मतभेद. पहिला शस्त्राचा. नागपूरकराला तो टाळता येत नाही, कारण गडचिरोली आपल्याच विभागात आहे आणि त्या जंगलातल्या प्रत्येक घटनेचे पडसाद इथे उमटतात.

अनुराधा गांधी नागपूर विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत आणि इंदोऱ्याच्या दलित वस्तीत राहत. जातीचा प्रश्न हा वर्गाच्या प्रश्नाचं शेपूट नव्हे, हे त्यांना बहुतेक डाव्यांच्या आधी कळलेलं होतं आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं. पुढे त्या भूमिगत झाल्या, माओवादी पक्षाच्या केंद्रीय समितीपर्यंत पोचल्या आणि एप्रिल २००८ मध्ये मलेरियानं गेल्या. त्यांच्या त्यागाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मला हिशेब दुसराच मांडावासा वाटतो. जी समज इंदोऱ्याच्या गल्ल्यांमधून आली होती, ती जंगलात गेल्यावर इंदोऱ्याच्या हाती काय राहिलं? बंदुकीच्या राजकारणात उघड सभा नाही, उघड वाद नाही, हरलेल्यानं परत येऊन बसण्याची सोय नाही. तिथे मतभेदाला एक तर फितुरी म्हणतात, नाही तर खबरी. खबरी ठरवून मारलेले कितीतरी लोक गडचिरोलीचे आदिवासीच होते. १ मे २०१९ ला, कामगार दिनाला, जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट घडवला गेला. त्यात १५ पोलीस गेले आणि गाडीचा चालक. त्या दिवशी कोणत्या वर्गाचा विजय झाला, हे कुणी समजावून सांगावं.

पक्षातल्या मतभेदाचं तिथे काय होतं तेही २०२५ मध्ये दिसलं. मे महिन्यात माओवादी पक्षाचे सरचिटणीस बसवराजू मारले गेले. त्यानंतर मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी शस्त्रं खाली ठेवण्याची भूमिका जाहीरपणे मांडली. उरलेल्या नेतृत्वानं त्यांना गद्दार ठरवलं. १५ ऑक्टोबरला त्यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं टाकली. चार दशकं ज्या पक्षात काढली, त्या पक्षात वेगळं मत घेऊन राहायला त्यांना जागा मिळाली नाही; ती मिळाली पोलिसांच्या मंडपात. माझ्या कसोटीवर या एका गोष्टीतच तो पक्ष नापास होतो, बाकी सगळे मुद्दे बाजूला ठेवले तरी.

पण शस्त्राला नाही म्हणणं म्हणजे सरकारनं माओवादी ठरवलेल्यांच्या यादीला हो म्हणणं नव्हे, आणि इथे थोडं थांबायला हवं. जून २०१८ मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात नागपुरातून वकील सुरेंद्र गडलिंग आणि विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाच्या प्रमुख शोमा सेन यांना अटक झाली. सेन यांना जामीन मिळायला एप्रिल २०२४ उजाडावं लागलं, खटल्याचा निकाल न लागताच. माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपाखालचे दिल्लीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा व्हीलचेअरवर आपल्याच मध्यवर्ती कारागृहात होते. नागपूर खंडपीठानं त्यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्दोष सोडलं, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली, मार्च २०२४ मध्ये खंडपीठानं पुन्हा निर्दोष सोडलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते वारले. जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, कडव्या डाव्या संघटनांना आळा घालण्याच्या नावाखाली. विधानसभेत त्याला ठाम विरोध नोंदवला तो माकपच्या एकुलत्या एक आमदारानं, डहाणूच्या विनोद निकोलेंनी. कोण दुरुस्तीवादी आणि कोण दुस्साहसवादी, हा भेद सरकारला करायचा नाही. तो आपणच करायचा आहे, आणि तो करतानाही ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याच्या जामिनासाठी उभं राहायचं आहे.

दुसरा खरा मतभेद जातीचा. नागपुरात याला बगल देऊन डावं राजकारण करता येतं असं ज्याला वाटतं त्यानं १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जावं. बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर संप केला. त्याच्या दहा वर्षं आधी, १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात, विणकाम खात्यात अस्पृश्यांना काम का मिळत नाही हा प्रश्न त्यांना लाल बावट्यापुढे, म्हणजे कम्युनिस्टांच्या गिरणी कामगार युनियनपुढे, मांडावा लागला होता आणि तो स्वीकारला गेला तो कुरकुरत. धागा तुटला की तोंडानं ओला करावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांना शेजारी महार नको होता. कामगारांच्या एकीची शपथ घेणाऱ्या पुढाऱ्यांना हे दिसत नव्हतं असं नाही, ते त्यांना पुढे ढकलायचं होतं. १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना नागपुरात झाली, त्यामागे हा सगळा अनुभव होता.

निळ्या बाजूलाही फुटी झाल्या, आणि त्यांच्या मुळाशी पुष्कळदा लाल रंगच होता. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांच्या सत्याग्रहात कम्युनिस्टांना बरोबर घेतलं म्हणून रिपब्लिकन पक्षात वाद पेटला. दलित पँथर १९७२ मध्ये जन्मली आणि दोन वर्षांत राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांच्यात मार्क्सवरून फाटलं. शरद पाटलांनी १९७८ मध्ये माकप सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्स-फुले-आंबेडकरवादाची मांडणी केली. आज ज्या घोषणा प्रत्येक डाव्या मंचावर लाल-निळ्या पताकांखाली दिल्या जातात, त्या पाटील मांडत होते तेव्हा त्यांना पक्षात राहता आलं नव्हतं. हरलेल्याला घालवून दिल्यावर पन्नास वर्षांनी तोच बरोबर होता असं निघालं, तर झालेलं नुकसान कुणाच्या खात्यावर टाकायचं?

कुणी म्हणेल, याच शहरात रेशीमबाग, म्हणजे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आहे, तिकडे फूट का पडत नाही? भारतीय मजदूर संघानं आपल्याच विचारांच्या सरकारच्या आर्थिक धोरणांवर टीका केली, त्याचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडींनी तर वाजपेयींच्या काळात जाहीरपणे केली, स्वदेशी जागरण मंचही बोलतो, तरी घर एकच राहतं. खरं आहे. पण तिथे सरसंघचालक निवडणुकीनं ठरत नाही, आधीचा पुढच्याचं नाव सांगतो. मतच द्यायचं नसेल तर हरण्याचा प्रश्नच येत नाही. ती एकी डाव्यांनी उसनी घेऊ नये.

आता एक रोकडा हिशेब. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार एखाद्या आस्थापनेत अनेक युनियन असतील तर ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करणार. तेवढा कुणाकडेच नसेल तर वाटाघाटी परिषद बनणार, आणि तिच्यात जागा फक्त किमान २० टक्के पाठिंबा असणाऱ्यांना. समजा, हजार कामगारांचा कारखाना आहे. लाल झेंड्याच्या तीन युनियन आहेत, १९०, १८० आणि १६० सभासदांच्या. मालकाच्या मर्जीतली चौथी ३०० ची. तीन लाल युनियन मिळून ५३० होतात, एकत्र असत्या तर टेबलावर त्या एकट्याच बसल्या असत्या. वेगवेगळ्या राहिल्या म्हणून तिघींपैकी कुणालाही खुर्ची नाही, आणि ३०० वाली आत. या संहितांच्या विरोधात सगळ्या डाव्या संघटना रस्त्यावर आल्या, ते योग्यच होतं. पण कायदा आज आहे तसा आहे, आणि त्यानं गटबाजीची किंमत टक्क्यांत छापून दिली आहे.

कोळशाच्या क्षेत्रात हे पूर्वीच कळलेलं दिसतं. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपुरात आहे आणि उमरेड, सावनेर, कामठीकडच्या खाणींत निरनिराळ्या संघटना आहेत. जुलै २०२० मध्ये व्यावसायिक खाणकामाविरुद्ध तीन दिवसांचा संप झाला तेव्हा त्या सगळ्या, मजदूर संघासकट, एकत्र होत्या. कुणी कुणाचा कार्यक्रम मान्य केला नव्हता.

म्हणून विचारणाऱ्या पोरांना माझा सल्ला असतो की आधी युनियनमध्ये जा, किंवा वस्तीतल्या, शेतमजुरांच्या एखाद्या संघटनेत. पक्षाचं सभासदत्व दोन-चार वर्षांनी बघू. यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो दुबळा नाही. पक्षाशिवायची युनियन पगारवाढीपुरती उरते, बोनस मिळाला की पांगते. कॉम्रेड ए. बी. बर्धन यांचंच उदाहरण घ्या. गिरणी कामगार, वीज कामगार यांच्यात त्यांनी आयुष्य घातलं. १९५७ मध्ये ते नागपुरातून विधानसभेवर गेले ते अपक्ष म्हणून. लोकसभेला मात्र १९६७ आणि १९८० मध्ये याच शहरानं त्यांना पाडलं. पुढे ते भाकपचे सरचिटणीस झाले, दिल्लीत आघाडीची सरकारं बनताना त्यांच्या शब्दाला वजन होतं, पण गेटवर त्यांच्यामागे उभा राहणारा कामगार मतपेटीपाशी दुसरीकडे वळत होता. युनियनमधून राजकारण आपोआप उगवत नाही, हे मान्य. पण सोळा जणांच्या अभ्यासमंडळातूनही ते उगवलेलं नाही. युनियनमध्ये निदान रोज अशा माणसांशी गाठ पडते ज्यांना तुमची लाइन माहीत नसते आणि ज्यांना पटवावं लागतं. पक्ष निवडायची वेळ येईल तेव्हा कोणाचे लोक गेटवर पहाटेच्या पाळीला हजर असतात आणि कोणाचे फक्त पत्रक काढतात, हे तुम्ही स्वतः पाहिलेलं असेल.

गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखाणी सुरू आहेत, कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहतो आहे. शरण आलेल्या माओवाद्यांपैकी काहींना तिथेच नोकऱ्या दिल्याचं सरकार सांगतं. म्हणजे कालपर्यंत जे खाणीविरुद्ध बंदूक घेऊन होते ते आज त्याच उद्योगाचे कामगार आहेत, शेजारी जमीन गेलेले माडिया आदिवासी आहेत, बाहेरून आलेले ठेका मजूर आहेत, आणि संहिता लागू झाली आहे. तिथे आज ना उद्या युनियन लागणारच. नागपुरातल्या तिन्ही-चारही कार्यालयांनी आपापले फलक घेऊन वेगवेगळं जायचं, की एकच नोंदणी करून जायचं, हे आत्ताच ठरवता येईल. एकच करणार असाल तर त्या युनियनची घटना लिहिताना १९३८ चा तीन चतुर्थांशांचा नियम पहिल्या पानावर घाला, आणि पदाधिकाऱ्यांत स्थानिक आदिवासी किती असतील ते दुसऱ्या पानावर. त्यासाठी कुठल्याही पॉलिटब्युरोची, म्हणजे पक्षाच्या वरच्या समितीची, परवानगी लागत नाही.